मृदा, खडक व खनिजे यांचे अध्यापन : दख्खनच्या संदर्भात एक चिकित्सा

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांच्या भूगोल विभागात काचेचे एक कपाट असते. त्यात लाकडी खोक्यांत कापसावर मांडलेले खडकांचे आणि खनिजांचे नमुने असतात. ग्रॅनाइट, संगमरवर, वालुकाश्म, स्लेट, अभ्रक, जिप्सम, फेल्डस्पार. प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली. हे नमुने शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेले असतात. प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी त्यांचा रंग, चमक, कस आणि काठिण्य वहीत नोंदवतो, परीक्षेच्या वेळी त्यांतील दोन-तीन नमुने ओळखतो आणि कपाट पुन्हा बंद होते. (कपाटाची किल्ली नेमकी कोणाकडे असते, हा प्रश्न येथे बाजूला ठेवला तरी चालेल.) ज्या इमारतीत हे कपाट उभे असते तिचा पाया, आवाराची दगडी भिंत, आवारातील जुनी विहीर आणि फाटकाबाहेरच्या रस्त्याची खडी मात्र बहुधा एकाच खडकाची असते. तो खडक म्हणजे बेसाल्ट, पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांतील भाषेत असिताश्म, आणि गावच्या भाषेत काळा पाषाण. पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकणाचा काही भाग सोडला तर राज्याची सुमारे चार पंचमांश भूमी या खडकाने व्यापलेली आहे. कपाटात त्याचा एक तुकडा असतो, नाही असे नाही. परंतु तो इतर वीस नमुन्यांमधील एक नमुना म्हणून असतो.

ही तक्रार केवळ नमुन्यांच्या निवडीपुरती मर्यादित असती तर तिच्यासाठी स्वतंत्र लेखाची गरज नव्हती. खरा प्रश्न अध्यापनाच्या रचनेचा आहे. खडक हे एक प्रकरण, खनिजे हे दुसरे, मृदा हे तिसरे आणि भूमीवरील मानवी परिणाम हे बहुधा शेवटचे, अशी विभागणी शालेय पाठ्यपुस्तकापासून पदवी अभ्यासक्रमापर्यंत थोड्याफार फरकाने टिकून आहे. विषय सुलभ व्हावा हा या विभागणीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि तिचा परिणाम असा होतो की विद्यार्थ्याच्या मनात हे चार स्वतंत्र विषय बनतात. खडक भूशास्त्राचा, मृदा शेतीची, खनिज उद्योगाचे आणि मानवी परिणाम पर्यावरण दिनाचा. दख्खनच्या भूमीत मात्र या चारही गोष्टी एकाच उभ्या छेदात, एकावर एक, हाताने दाखवता येतात.

घाटातील छेद

कोणत्याही घाटरस्त्याला डोंगर कापून जो उभा पृष्ठभाग मोकळा झालेला असतो त्याचे उदाहरण घ्यावे. तळाशी घट्ट, भेगाळलेला कातळ दिसतो. त्याच्यावर अनेकदा पोकळ्यांनी भरलेला, सहज फुटणारा खडक असतो. लाव्हारस थंड होताना अडकलेल्या वायूंनी या पोकळ्या तयार झाल्या आणि पुढे त्यांत पांढरी, क्वचित हिरवट स्फटिकी द्रव्ये भरली गेली. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटेच्या रंगाचा एक तांबडा पट्टा आडवा धावताना दिसतो. एका लाव्हाप्रवाहानंतर दुसरा येण्यापूर्वी जो काळ गेला त्यात खालच्या खडकाचा पृष्ठभाग कुजला, आणि नंतरच्या लाव्ह्याखाली तो गाडला जाऊन भाजून निघाला, असे या पट्ट्यांपैकी अनेकांविषयी मानले जाते. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची माती येथे दोन खडकांच्या मध्ये जपून ठेवलेली आहे. सर्वांत वर, खडकाचा मुरूम होऊन मुरमाची माती होण्याची तीच प्रक्रिया आज चालू आहे. हा एक छेद दहा मिनिटे समजावून सांगितला तर 'खडकापासून मृदा तयार होते' हे वाक्य पाठ करण्याची गरज उरत नाही.

खनिजांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज आणि ऑजाइट यांचे कण डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, म्हणून प्रात्यक्षिकासाठी ग्रॅनाइट बरा, असे कारण दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांतील झिओलाइट गटाची खनिजे, स्टिलबाइट आणि त्याचे सोबती, तसेच अपोफिलाइट हे पुणे, नाशिक, जळगाव या जिल्ह्यांतील खाणींत, विहिरींत आणि पायाच्या खड्ड्यांत इतक्या सुंदर स्वरूपात सापडतात की जगभरच्या संग्रहालयांत त्यांना मानाचे स्थान आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हनसाइट तर खनिजप्रेमींना सर्वत्र परिचित आहे. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय याच खनिजांवर उभे आहे. मोहच्या काठिण्य श्रेणीचा पाठ देताना तीन अंकाचे कॅल्साइट, साडेतीन ते चार अंकांचे स्टिलबाइट आणि सात अंकांची गारगोटी हे तिन्ही नमुने खडीच्या एका ढिगातून वेचून काढता येणे पुष्कळ ठिकाणी शक्य आहे. येथे आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देता येते. ही खनिजे उजेडात आली ती खाणकामामुळे. शहराला रस्ते व इमारती हव्यात, त्यासाठी डबर आणि खडी हवी, त्यासाठी टेकड्या फोडल्या जातात. महसूल खात्याच्या दफ्तरात या दगडाला 'गौण खनिज' म्हणतात. खनिजाचे प्रकरण आणि मानवी परिणामाचे प्रकरण येथे एकाच खड्ड्यात भेटतात. वर्गात मात्र त्यांच्यामध्ये सहा महिन्यांचे अंतर असते.

काळ्या मातीचा रंग

अध्यापनातील तुटकपणामुळे कोणत्या प्रकारचे गैरसमज रुजतात, याचे एक उदाहरण विस्ताराने पाहण्याजोगे आहे. 'काळी मृदा सुपीक का असते?' या प्रश्नाला पदवीच्या वर्गातही 'तिच्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असते, म्हणून ती काळी असते' असे उत्तर पुष्कळदा मिळते. उत्तर तर्कशुद्ध वाटते. कंपोस्ट काळे असते, ह्यूमस काळे असते, तेव्हा काळी माती म्हणजे सेंद्रिय माती. वास्तविक दख्खनच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुतेक ठिकाणी कमीच आढळते. नत्र आणि स्फुरद यांचीही तिच्यात उणीव असते. तिचे सामर्थ्य वेगळ्या गोष्टीत आहे. बेसाल्टच्या विदारणातून निर्माण झालेली मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती पाणी घेऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून खोल भेगाळते, आणि पावसाळ्यात साठवलेला ओलावा रब्बीच्या ज्वारीला हिवाळाभर पुरवते. कॅल्शियम व मॅग्नेशियम तिला मूळ खडकाकडून मिळते.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. माती काळी आहे म्हणून ती जिवंत आहे, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला शेणखत कमी होत गेले, पिकाचे अवशेष जाळले गेले, तरी नेमके काय गमावले हे समजत नाही. रंग तर तोच राहतो. येथे खडक, खनिज, मृदा आणि माणूस या चार प्रकरणांचा एकत्रित विचार केल्याशिवाय साध्या 'का' या प्रश्नाचेही उत्तर मिळत नाही. पाठ्यपुस्तकातील दुसरे नेहमीचे विधान असे की एक इंच मातीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ते खोटे नाही. परंतु कोणत्या खडकावर, किती पावसात, कोणत्या उतारावर, हे न सांगता ते वाक्य दिले की ती माहिती न राहता हळहळ व्यक्त करण्याचे साधन बनते.

प्रतबंदी, भाऊहिस्सा आणि पिंपळे सौदागर

दख्खनच्या मृदेच्या बाबतीत रंगाहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिची खोली. नदीकाठी काही मीटर, आणि शेजारच्या माळावर अर्धा वीत. आजच्या वर्गात नकाशावर एकाच काळ्या छटेने दाखवला जाणारा पट्टा प्रत्यक्षात खोलीच्या दृष्टीने कमालीचा विषम आहे. ही गोष्ट इंग्रजी महसूल यंत्रणेला फार पूर्वी कळली होती. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालातील प्रतबंदीची पद्धत पाहावी. मातीचे रंग-पोतावरून तीन वर्ग, आणि प्रत्येक वर्गात 'हाता'च्या मापाने खोलीच्या पायऱ्या. पावणेदोन हात खोलीच्या, एकसारख्या पोताच्या काळ्या मातीला सोळा आणे. खोली कमी होत जाईल तसतशी आण्यांत घट. त्याखेरीज दोषांची नोंद वेगळी: चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाण्याचा निचरा न होणे, वाहत्या पाण्याखाली जाण्याचा धोका. हे सारे साऱ्याची आकारणी करण्यासाठी होते, शेतकऱ्याच्या किंवा ज्ञानाच्या भल्यासाठी नव्हे, हे विसरता येत नाही. तरीही खोली, उतार आणि निचरा यांना जोडणारी जी दृष्टी त्या सरकारी कोष्टकात आहे ती आजच्या अनेक क्रमिक पुस्तकांत नाही. सातबारा उताऱ्यावरील 'पोटखराब' हा रकाना आजही त्या दृष्टीची आठवण देतो. शेतातील कातळ, ओघळ, लागवडीस अयोग्य तुकडा तेथे नोंदलेला असतो, आणि शेतकरी कुटुंबातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी तो कागद असतो.

शिक्षकाने आपल्या परिसराची भूमी अभ्यासावी याचे याहून चांगले उदाहरण हॅरल्ड मान यांचे आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य असताना त्यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा दुसरा अभ्यास आला. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हे ग्रंथ परिचित आहेत ते मुख्यत्वे एका निष्कर्षामुळे: पिंपळे सौदागर येथील सरासरी धारण क्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते ते १९१५ मध्ये ७ एकरांवर आले. भूगोलाच्या आणि पर्यावरणाच्या वर्गात या ग्रंथांचा उल्लेख क्वचितच होतो, आणि येथेच त्यांची उपेक्षा अधिक खटकते. कारण मान यांची पाहणी गावच्या भूमीपासून सुरू होऊन शेत, पीक, जनावरे, कर्ज आणि कुटुंब यांच्याकडे जाते. आधी माणूस आणि नंतर जमीन, किंवा उलट, असा तुटक क्रम तिच्यात नाही.

जमिनीच्या तुकड्यांचाच प्रश्न घेऊ. वाटणीच्या वेळी प्रत्येक भावाला भारी जमिनीतला, मध्यम जमिनीतला आणि माळावरला असा प्रत्येक प्रतीतला हिस्सा हवा असतो. म्हणून एकाच्या नावावर चार ठिकाणचे चार तुकडे येतात. म्हणजे मातीच्या खोलीतील विषमता वारसाहक्काच्या मार्गाने बांधांच्या जाळ्यात उतरते, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यालाही तिच्याशी सामना करावा लागतो. भूगोलाचा शिक्षक मृदा शिकवतो, अर्थशास्त्राचा तुकडीकरण शिकवतो, समाजशास्त्राचा कुटुंबसंस्था शिकवतो. तिघेही एकाच शेताविषयी बोलत असल्याचे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि मान यांनी पाहिलेल्या शेतांवर निवासी संकुले उभी आहेत. मान यांचा ग्रंथ आणि आजचा उपग्रह-नकाशा शेजारी ठेवणे हा भूमी-वापरातील बदलाचा एक उत्तम स्वाध्याय होऊ शकतो.

शब्दांचा प्रश्नही या संदर्भात विचारात घेतला पाहिजे. 'मृदा' हा शब्द वर्गात येतो आणि माती बाहेर राहते. बरड, मळई, पोयटा, चोपण, भुरकी, वरकस, हलकी, भारी या शब्दांत पोत, निचरा, उतार आणि उपयोग यांची एकत्र नोंद आहे. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण, ही जोडी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'च्या (१९१५) वाचकांना ठाऊक आहे. पांढरीचा रंग राख, शेण, भिंतींची माती यांचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीचा आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेले घोड नदीकाठचे इनामगाव हे अशाच ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या टेकाडात सापडले. तेव्हा मानवी परिणाम ही कारखान्यांबरोबर आलेली नवी गोष्ट आहे, हा पाठ्यपुस्तकाचा सूर येथे टिकत नाही. या प्रदेशात मातीच्या एका प्रकाराचे नावच माणसाच्या तीन हजार वर्षांच्या वास्तव्यावरून पडले आहे. अर्थात लोकभाषेतील शब्दांचे भाबडे कौतुकही उपयोगाचे नाही. ते तालुक्या-तालुक्याला अर्थ बदलतात, आणि कोणाच्या वाट्याला काळी आली व कोणाच्या वाट्याला बरड, यामागे जातीची उतरंड होती, हे 'गावगाडा' वाचतानाही ध्यानात ठेवावे लागते.

पाच तासिका

पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशानंतर आणि २००३ मधील पुनरुच्चारानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्याशाखांच्या पदवी वर्गांसाठी एक गाभा अभ्यासक्रम तयार केला. आठ घटक, पन्नास तासिका. त्यातील दुसऱ्या घटकात आठ तासिकांमध्ये वन, जल, खनिज, अन्न, ऊर्जा आणि भूमी अशी सहा संसाधने उरकायची होती. भूमीच्या वाट्याला एखादी तासिका. तिच्यात भूमीची अवनती, मानवी कृतींमुळे होणारे भूस्खलन, मृदेची धूप आणि वाळवंटीकरण. शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा, त्याला पाच तासिका आणि शंभरपैकी पंचवीस गुण. क्षेत्रकार्याला एक चतुर्थांश गुण देणारी ही योजना कागदावर पुरोगामी होती, हे मान्य केले पाहिजे. प्रत्यक्षात तिचे काय झाले हे अध्यापकवर्गाला सांगण्याची आवश्यकता नाही. तयार प्रकल्पवह्या शहरातील झेरॉक्सच्या दुकानांत मिळू लागल्या आणि क्षेत्रभेट म्हणजे सहल असा अर्थ रूढ झाला. २०२३ मध्ये आयोगाने या विषयासाठी नवी चौकट दिली आहे. परंतु चौकट बदलल्याने सवयी आपोआप बदलत नाहीत.

याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. सव्वाशे विद्यार्थ्यांचा वर्ग, घाटात नेण्याची जोखीम, वाहनाचा खर्च, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे विद्यापीठाची सामायिक प्रश्नपत्रिका. जो प्रश्न गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सर्वांना सारखा विचारायचा आहे त्याचे उत्तर कोणत्याही एका टेकडीविषयी असू शकत नाही. म्हणून 'भूस्खलनाची कारणे लिहा' असा प्रश्न येतो, आणि वृक्षतोड, खाणकाम, रस्तेबांधणी, अतिवृष्टी असे उत्तर येते. ते कोठेही खरे असते, आणि म्हणूनच कोणत्याही एका जागेविषयी ते काही सांगत नाही.

या अमूर्ततेची किंमत काय असते याचा विचार करण्यास गेल्या दोन दशकांनी पुरेशी कारणे दिली आहेत. २००५ च्या जुलैमध्ये महाड परिसरातील दासगाव, जुई; ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, जेथे दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली; २२ जुलै २०२१ रोजी तळीये; १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. माळीणनंतर जी चर्चा झाली तिच्यात अतिवृष्टी, कातळावरील कुजलेल्या खडकाचा व मातीचा थर, आणि यंत्राने केलेले उतारांचे सपाटीकरण यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न पुढे आला. त्यावर मतभेदही झाले. त्या मतभेदांत शिरण्यासाठी मुरूम आणि कातळ यांमधील सीमारेषा कोठे असते, मुरलेले पाणी तेथे येऊन का थांबते, उतारावरील माती भिजून जड झाल्यावर काय होते, एवढे तरी समजलेले असावे लागते. त्या डोंगरांतून येणारी मुले महाविद्यालयात आहेत. त्यांच्यापैकी काही पुढे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक होतात. आपल्या वाडीच्या मागील उताराला भेग पडली तर ती कशाची खूण आहे, हे त्यांना तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोठेही शिकवले जात नाही. स्लेट आणि संगमरवर त्यांना ओळखता येतात.

क्षेत्रभेटीसाठी दूर जाण्याचीही गरज नसते. आवारात नव्या इमारतीचा पाया खणला जात असेल तर चार दिवस तो खड्डाच प्रयोगशाळा आहे. गावातील विहीर, ओढ्याची दरड, २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातील गाळ ज्या शेतात टाकला गेला ते शेत, हे सारे एका तासिकेच्या अंतरात येते. त्या शेतात तर माणसाने घडवलेली मृदाच पाहायला मिळते: वरच्या शिवारातून वाहून गेलेली माती धरणात साचली आणि ट्रॅक्टरने खालच्या मुरमाड रानावर परत आली.

पाण्यानेही माती बिघडते, हे तर आणखी जवळचे उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि काही दशकांतच निचरा नसलेल्या काळ्या मातीत क्षार वर येऊ लागले. मान यांनी तम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींवर लिहिलेली पुस्तिका १९१० ची आहे. त्यानंतर शतक उलटले आणि सांगली-कोल्हापूर भागात उसाखालील जमिनी चोपण होऊन पडून राहिल्या. तेथे जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून क्षार काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा बाबी छापलेल्या असतात. त्यांत सेंद्रिय कर्ब असतो, सामू असतो, आणि क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकताही असते. शिरोळ किंवा वाळवा तालुक्यातील विद्यार्थिनी वडिलांच्या शेताची ती पत्रिका वर्गात घेऊन आली तर प्रात्यक्षिकाच्या छापील वहीत तिच्यासाठी रंग, चमक, कस आणि काठिण्य असे चार रकाने असतात. त्यांपैकी एकातही पत्रिकेवरचा आकडा बसत नाही.